नऊ गोलांचा स्टॉपर

तिसऱ्या गोलच्या वेळी जाळीमागे एक माणूस पिवळी छत्री घेऊन उभा होता. सातव्या गोलच्या वेळीही तोच माणूस, तीच छत्री. फरक एवढाच की तिसऱ्या गोलला तो जाळीच्या डावीकडे होता आणि सातव्याला उजवीकडे.

मी व्हिडिओ थांबवला. माझं काम खरं तर छत्रीशी संबंधित नव्हतं. मला नवीन खेळाडूच्या स्वागताचा तीस सेकंदांचा व्हिडिओ बनवायचा होता, आणि त्यासाठी त्याचा जर्सी नंबर स्वच्छ दिसेल अशी एक फ्रेम हवी होती. फ्रेम म्हणजे व्हिडिओतलं एक स्थिर चित्र. एका सेकंदात अशी पंचवीस-तीस चित्रं असतात. एडिटर त्यातलं एकेक चित्र पुढे-मागे करत बसतो. त्यामुळे सगळ्यांना बॉल दिसतो, आम्हाला छत्री दिसते.

मी बुऱ्हाणपुरात बसस्टँडजवळच्या एका छोट्या एजन्सीत व्हिडिओ एडिटर आहे. आम्ही चार जण. दुकानांच्या जाहिराती करतो, शाळांच्या गॅदरिंगचे व्हिडिओ करतो, आणि गावातल्या एका फुटबॉल क्लबचं पेज सांभाळतो. क्लबचं नाव लिहीत नाही. इथल्या लोकांना कळेलच, बाहेरच्यांना त्याने काही फरक पडणार नाही.

फुटबॉलमधलं मला तेव्हा काही कळत नव्हतं. पण क्लबच्या पेजवरची प्रत्येक कमेंट मी वाचत होते. ते माझ्या कामाचा भाग होतं. महिन्याच्या रिपोर्टसाठी कमेंटचे तीन ढीग करायचे: कौतुक, तक्रार, शिवी. शिव्या लपवायच्या आणि तक्रारी राहू द्यायच्या, असा माझा नियम. पवन सरांना, म्हणजे माझ्या बॉसना, तक्रारींचाच जास्त त्रास व्हायचा. "गाली तो आदमी भूल जाता है," ते म्हणायचे, "शिकायत का स्क्रीनशॉट घूमता है."

कमेंट कधी येतात हेही मला पाठ झालं होतं. पॉवरलूमची पाळी सुटली की एकदम पन्नास-साठ. मग शांतता. मग पुढची पाळी. क्लबचे निम्मे फॅन लूमवर कामाला आहेत.

त्या आठवड्यात मात्र पाळी-बिळी काही राहिली नव्हती. दिवसभर येत होत्या. कारण होतं ट्रान्सफर.

टीव्हीवरच्या मोठ्या क्लबांसारखाच शब्द आमच्याकडे वापरतात, पण प्रकार साधा आहे. दरवर्षी गावात ओपन टूर्नामेंट होते. खंडवा, भुसावळ, जळगाव, कुठकुठल्या टीम येतात. प्रत्येक टीमने आधी अठरा नावांची लिस्ट द्यायची. एकदा लिस्ट दिली की बदल नाही. त्याआधीच्या पंधरा दिवसांत कोण कोणाकडून खेळणार हे ठरतं, आणि त्या पंधरा दिवसांत फॅन झोपत नाहीत.

आमच्या क्लबचे अध्यक्ष केळीचे मोठे व्यापारी. सगळे त्यांना शेठ म्हणतात. शेठना गोल आवडतात. मागची तीन वर्षं त्यांनी दरवर्षी बाहेरून एक स्ट्रायकर आणला. स्ट्रायकर म्हणजे पुढे राहून गोल मारणारा. पहिला दोन मॅच खेळला आणि पाय धरून बसला. दुसऱ्याला इथलं ऊन मानवलं नाही. तिसरा आमच्या मॅचच्या दिवशी आजीच्या आजारपणासाठी घरी गेला, आणि त्याच दुपारी दुसऱ्या गावच्या टूर्नामेंटमध्ये खेळताना फेसबुक लाइव्हवर दिसला. ते लाइव्ह आमच्याच फॅननी शोधून पेजवर टाकलं होतं. खाली एकाने लिहिलं होतं, "दादी सेंटर फॉरवर्ड है क्या?"

या वर्षीचा चौथा. नाव रोशन. एका एजंटने त्याची एक मिनिट चाळीस सेकंदांची रील शेठना पाठवली होती. नऊ गोल. प्रत्येक गोलच्या आधी रोशनभोवती लाल वर्तुळ, मग शॉट, मग जाळी, मागे ढोल. शेठनी ती रील मोबाइलवर वीसेक वेळा पाहिली असं त्यांच्या ड्रायव्हरनेच सांगितलं.

अठरावी जागा रोशनला द्यायची तर एक नाव काढायला हवं होतं. ते नाव होतं दीपकचं.

दीपक गावातलाच. लूमवर काम करतो, बारा वर्षं या क्लबकडून खेळतोय. कोच महाजन सर, निवृत्त पीटी टीचर, आमच्या ऑफिसात फोटो द्यायला आले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "एकोणतीसचा झाला तो. या वर्षी बसवला तर पुढच्या वर्षी उठणार नाही." मग फोटोंचं पाकीट टेबलावर ठेवून निघून गेले. पाकिटात सतराच फोटो होते, दीपकचा नव्हता. बातमी तशीच बाहेर फुटली असणार.

त्यानंतरच्या कमेंटचे मी ढीग करायचं सोडून दिलं. मी नुसती वाचत होते. मला प्रश्न पडला होता की ही माणसं एवढी चिडतात तरी कशासाठी. महिन्याचा पगार अडला तरी माणूस एवढं लिहीत नाही. "दीपक नहीं तो ग्राउंड खाली." "शेठ, ट्रक भरना और टीम भरना अलग चीज है." एक जण रोज फक्त लिस्टचे उरलेले दिवस लिहायचा: चार, तीन. आणि मधूनमधून एक वेगळीच तक्रार यायची, जिच्याकडे कोणी फारसं बघत नव्हतं: "पीछे कौन खड़ा रहेगा, वो भी तो बताओ." म्हणजे गोल अडवणारं कोणी आहे का आपल्याकडे? तीन वर्षांच्या रिपोर्टांत मी हे वाक्य वेगवेगळ्या शब्दांत कितीदा तरी वाचलं होतं. तक्रारींच्या ढिगात टाकून पुढे गेले होते.

तर छत्री.

व्हिडिओ आरशासारखा उलटा करता येतो. एक बटण दाबायचं. डावं ते उजवं होतं. सहसा ते लगेच पकडलं जातं, कारण जर्सीवरचा नंबर उलटा होतो. पण रोशनचा नंबर इंग्रजी आठ होता. आठ उलटा केला तरी आठच दिसतो.

मी नऊ गोलांचे नऊ तुकडे केले आणि स्क्रीनवर शेजारी शेजारी लावले. उलटे वाटले ते सुलटे केले. एक तुकडा झूम करून कापला होता, तो शेजारच्यासारखाच निघाला. तासाभरात चार तुकडे बाद झाले. नऊचे पाच उरले.

मग त्या पाचांत मी लाल वर्तुळाकडे पाहायला लागले. तीन तुकड्यांत वर्तुळ एका खेळाडूभोवती यायचं, नाहीसं व्हायचं, आणि त्यानंतर शॉट व्हायचा. वर्तुळातल्या मुलाचा डावा मोजा घोट्यावर उतरलेला. शॉट मारणाऱ्याचे दोन्ही मोजे गुडघ्यापर्यंत. म्हणजे तीन गोल दुसऱ्याच कोणाचे.

उरले दोन. दोन्ही कॉर्नरवरून आलेल्या बॉलवर, डोक्याने. ते मात्र खरोखर उतरलेल्या मोज्याचेच होते.

मला मजा वाटत होती, हे कबूल करते. शोधाची मजा. यात कोणाची जागा जाते किंवा राहते, हे त्या तासाभरात माझ्या डोक्यात आलंच नाही.

पवन सरांना दाखवलं. त्यांनी दोन वेळा पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"बहुत बढ़िया. अब भूल जा."

"सर, पण हे फेक आहे."

"अपना काम क्या है?"

"व्हिडिओ."

"किसका?"

"स्वागताचा."

"तो स्वागत कर. प्लेयर चुनना कोच का काम, पैसा देना सेठ का काम. हम बीच में बोले तो दोनों नाराज़. कल दस बजे दिखाने जाना है, तू भी चल, लैपटॉप तेरा है."

दुसऱ्या दिवशी आम्ही शेठच्या ऑफिसात गेलो. बाहेर केळीचा ट्रक भरत होता. आत शेठ, महाजन सर आणि आम्ही दोघं. मी स्वागताचा व्हिडिओ केला होता, पण त्यात एकही गोल घातला नव्हता. फक्त नाव, नंबर, क्लबचा रंग. शेठनी तो पाहिला.

"अरे, गोल कुठे आहेत?"

पवन सर म्हणाले, "सेठजी, सस्पेंस रखा है."

"कसला सस्पेन्स? नऊ गोल आहेत, नऊ टाका. त्या लूमवाल्यांची तोंडं बंद झाली पाहिजेत." मग शेठ माझ्याकडे वळले. "बेटा, तू तर रोज पाहते ना ते पेज. काय म्हणतात लोक?"

मला मीटिंगमध्ये बोलायची सवय नाही. ऑफिसातही मी मेसेज टाकते, समोरच्या टेबलावरच्या माणसालाही. मी पवन सरांकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते.

"काका, एक विचारू?" मी म्हणाले. "तुम्ही बाग रस्त्यावरून बघून घेता का?"

"म्हणजे?"

"आमची बहादरपूरला केळीची बाग आहे. पप्पा रस्त्याकडच्या दोन ओळींना जास्त जपतात. खत तिथे आधी पडतं. व्यापारी गाडीतून बघतो म्हणून."

महाजन सर हसले. शेठ हसले नाहीत. ते म्हणाले, "मी मधे जातो. चप्पल चिखलात घालून मधे जातो. रस्त्यावरून बाग घेणारा व्यापारी दोन वर्षांत घरी बसतो. तुझ्या पप्पांना विचार."

"ही रील रस्त्याकडची ओळ आहे, काका."

मी लॅपटॉप वळवला आणि छत्रीवाल्या दोन फ्रेम शेजारी शेजारी दाखवल्या. पुढचं समजावून सांगावं लागलं नाही. माल पारखणाऱ्या माणसाला दोन फण्या एकाच घडाच्या आहेत हे कळतं. शेठनी स्क्रीनवर बोट ठेवून स्वतःच मोजलं. मग मी मोजे दाखवले. त्यांनी एजंटला फोन लावला. स्पीकरवर.

"वो लड़के का पूरा मैच भेज."

"सेठजी, पूरा मैच आजकल कौन देखता है? रील में सब आ गया ना."

"पूरा. एक सौ नब्बे मिनट का हो तो भी भेज."

"सेठजी, मैच नब्बे मिनट का होता है."

"तो नब्बे का भेज!"

फोन ठेवून ते मला म्हणाले, "मॅच आली की तू बघ. आणि मला लिहून दे, यातले किती गोल याचे. बस, तेवढंच."

परत येताना आम्ही रिक्षा केली. उतरताना पवन सर म्हणाले, "बाग वाली बात अच्छी थी. आगे से मुझे पहले बताना." मी त्यांना आधीच सांगितलं होतं, हे मी सांगितलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी मॅचची लिंक आली. कुठल्यातरी मैदानावर ट्रायपॉडवर एकच कॅमेरा, रंग उडालेले, आवाज वाऱ्याचा. त्या पूर्ण मॅचमध्ये रोशनने एकही गोल मारला नाही. रीलमधले दोन गोल त्यात सापडले, दोन्ही दुसऱ्याचे. माझं काम पंचवीस मिनिटांत झालं असतं.

पण मी शेवटपर्यंत पाहिली, आणि घरी जाऊन पुन्हा पाहिली. कारण मला कळत नव्हतं की हा मुलगा गोल मारत नाही तर करतो काय. तो सगळ्यात मागे उभा होता, आपल्या गोलकीपरच्या पुढे. याला स्टॉपर म्हणतात, हे मी त्या दिवशी शोधून वाचलं. समोरच्याचा हल्ला मधोमध अडवणारा. दुसऱ्यांदा पाहताना मी बॉलकडे पाहणं सोडून फक्त त्याच्याकडे पाहिलं. बॉल कुठे येणार ते त्याला आधी कळत होतं. तो धावत सुटायचा नाही, दोन पावलं सरकायचा, आणि बॉल त्याच्यापाशी यायचा. नव्वद मिनिटांत एकच माणूस त्याच्या पुढे गेला, आणि तोही परत अडवला गेला. यातली एकही गोष्ट रीलमध्ये टाकता आली नसती. माणूस दोन पावलं सरकतो, यावर ढोल वाजवून उपयोग नाही.

शुक्रवारी सकाळी मी रिपोर्ट लिहिला. चार ओळी. नऊ तुकड्यांपैकी चार पुन्हा वापरलेले. तीन गोल दुसऱ्या खेळाडूचे. दोन गोल रोशनचे. पूर्ण मॅचमध्ये गोल नाही. खाली माझं नाव.

पाचवी ओळ माझ्या मनात होती. मी ती टाइप केली नाही. मला वाटलं, फुटबॉलमधलं आपल्याला काय कळतं. आणि शेठ म्हणाले होते, तेवढंच.

दुपारी पेजच्या इनबॉक्समध्ये मेसेज आला. रोशनचा. एजंटने त्याला झापलं असणार. "सर, वो वीडियो मैंने नहीं बनाया. एजेंट बोला डिफेंस का वीडियो कोई नहीं देखता. मैं स्टॉपर हूँ. एक बार ट्रायल ले लो, अपने खर्चे से आ जाऊँगा."

मी तो पवन सरांना दाखवला. ते म्हणाले, "लिस्ट कल शाम को जानी है. अब कुछ मत छेड़." मी छेडलं नाही. महाजन सरांचा नंबर माझ्याकडे होता. मी फोन हातात घेऊन बसले होते, हेही खरं. मग मी तो मेसेज वाचलेला तसाच ठेवला. त्याला मेसेज वाचल्याची खूण दिसली असेल.

शनिवारी लिस्ट गेली. अठरावं नाव दीपक. मी पोस्टर टाकलं आणि पंधरा मिनिटांत पेज भरून गेलं. लूमची पाळी सुटायची होती तरी. "शेठ ने दिल जीत लिया." "आज से गाली बंद." चार दिवसांपूर्वी ट्रक भरण्यावरून बोलणाऱ्या माणसानेच शेठचा फोटो हार घालून टाकला. हार घातलेला फोटो बघून दोन जणांनी विचारलं की शेठ बरे आहेत ना.

सोमवारी दीपक ऑफिसात आला. हातात दराब्याचा डबा, आमच्याकडे आनंदाला हीच मिठाई देतात. त्याला छत्री, मोजे, काही माहीत नव्हतं. "मॅडम, पोस्टर जबरदस्त होतं," तो म्हणाला. "माझ्या आईने फ्रेम करून लावलं." मी डबा घेतला आणि थँक्यू म्हटलं. खरं सांगू, तो दिवस मला खूप बरा गेला.

टूर्नामेंट सुरू झाली. दीपकने तीन मॅचमध्ये चार गोल मारले. सेमीफायनलला समोर खंडव्याची टीम आली. मी कव्हरेजसाठी मैदानावर होते, मोबाइल स्टँडवर लावून. त्यांच्या टीममध्ये मागे एक उंच मुलगा होता. जर्सी नंबर वेगळा, पण डावा मोजा घोट्यावर.

खंडव्याने त्याला लिस्टच्या शेवटच्या दिवशी घेतलं होतं, असं नंतर कळलं. त्यांनी त्याला बोलावून अर्धा तास खेळवून बघितलं होतं.

दीपकला त्या मॅचमध्ये एक शॉट नीट मारता आला नाही. तो पळत जायचा आणि तो मुलगा दोन पावलं सरकायचा. ऐंशीव्या मिनिटाला दीपकने चिडून त्याला धक्का दिला आणि स्वतःच पडला, रेफरीने पिवळं कार्ड काढलं. त्या मुलाने दीपकला हात देऊन उठवलं. आम्ही एक-शून्यने हरलो. आमच्या टीममध्ये मागे अडवायला नेहमीसारखंच कोणी नव्हतं.

संध्याकाळी पेज उघडलं. पहिली कमेंट त्याच हारवाल्याची. "खंडवा वालों का स्टॉपर देखा? ऐसा लड़का अपने वालों को कभी क्यों नहीं मिलता? शेठ को फुटबॉल समझता ही नहीं." खाली दोनशे लोकांचं अनुमोदन. मी ती तक्रारींच्या ढिगात टाकली. शिवी नव्हती ती, लपवता आली नसती.

शेठचा फोन पवन सरांना न जाता सरळ मला आला.

"बेटा, हा तोच होता ना?"

"हो, काका."

"तू पूर्ण मॅच पाहिली होती."

"दोनदा."

"मग लिहिलं का नाही?"

"तुम्ही गोल किती ते विचारलं होतं."

पलीकडे ट्रक रिव्हर्स घेत असल्याचा आवाज येत होता. शेठ म्हणाले, "मी चुकीचं विचारलं. पण तू तर बागेच्या मधे जाऊन आली होतीस." आणि त्यांनी फोन ठेवला. रागावून नाही. त्यामुळे मला ते जास्त लागलं.

दीपकला काढून त्याला घ्यायला हवं होतं, असं मी म्हणत नाही. अठरा नावांत शेठचा एक भाचाही होता, राखीव गोलकीपर, जो प्रॅक्टिसला फक्त फोटोच्या दिवशी आला होता. त्याला वगळून दीपक आणि रोशन दोघंही लिस्टमध्ये मावले असते. पण हे कोणीतरी सांगायला हवं होतं, आणि ज्या एका व्यक्तीला ते माहीत होतं तिने चार ओळी लिहून खाली सही केली होती.

रोशनला मी त्या मेसेजचं उत्तर लिहिलं, दोन महिने उशिरा. माफी मागितली. त्याने अंगठा पाठवला.

आता असा रिपोर्ट लिहायचा असला की मी कागदावर दोन रकाने पाडते. एकात, व्हिडिओत खोटं काय आहे. दुसऱ्यात, खरं काय आहे. पहिला रकाना कोणीही विचारतो आणि तासाभरात भरतो. दुसरा कोणी विचारत नाही, त्याला पूर्ण मॅच बघावी लागते.